सूत्र ताशाच्या हाती: ढोल-ताशावर साइडचेनची कृती

पथक उभं राहिलं की पहिला आवाज ताशाचा. काड्यांची तर्री उठते, तिच्यावरून पुढचा हात कोणता हे ढोलवाल्यांना कळतं आणि मग सगळी टिपरं एकदम पानावर पडतात. गुढीपाडव्याला डोंबिवलीच्या फडके रोडवर असो की ठाण्यात तलावपाळीच्या कडेने, हा क्रम बदलत नाही. ताशा सांगतो, ढोल ऐकतो, झांज दोघांना धरून ठेवते.

हेच आवाज लॅपटॉपवर आणून त्यांच्याखाली इलेक्ट्रॉनिक किक घातली की क्रम उलटा होतो. किक सगळ्यांच्या वर बसते आणि बाकीच्यांनी तिला वाट करून द्यायची, असा नृत्यसंगीताचा रिवाज आहे. कल्याण-भिवंडी पट्ट्यात हळदीला वाजणारी कितीतरी रिमिक्स ऐका: ढोल असतो, पण किकच्या पाठीमागे, रंगापुरता. त्याला दाबणारं हत्यार म्हणजे साइडचेन कॉम्प्रेशन. मात्र हे हत्यार उलट्या दिशेनेही चालतं आणि माझ्या मते ढोल-ताशासाठी तीच दिशा खरी आहे. सूत्र ताशाच्या आणि ढोलाच्या हाती द्यायचं. किक, बेस आणि सिंथ यांनी त्यांच्या तालावर खाली-वर व्हायचं. पुढची कृती त्यासाठी आहे.

आधी यंत्र समजून घ्या

कॉम्प्रेसरच्या आत दोन वाटा असतात. एका वाटेने आवाज जातो. दुसऱ्या वाटेवर यंत्राचा कान असतो. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला का, हे तो कान पाहतो आणि पहिल्या वाटेवरचा आवाज किती खाली घ्यायचा ते ठरवतो. एरवी दोन्ही वाटांवर एकच आवाज असतो. साइडचेनमध्ये कानाच्या वाटेवर दुसराच आवाज जोडतात. कॉम्प्रेसर बसवला बेसवर, कान दिला किकला, की किक वाजताच बेस खाली जातो. रेडिओवर निवेदक बोलू लागला की मागचं गाणं आपोआप हळू होतं, ते याच तंत्राने. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रेंच हाऊसमधल्या मंडळींनी हा उतार-चढाव लपवण्याऐवजी मुद्दाम ऐकू येईल इतका वाढवला. २००४ साली एरिक प्रिड्झच्या 'कॉल ऑन मी'ने तो जगभर पोचवला. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या 'तांबडी चामडी'ने मराठी हाऊसही नाचणाऱ्यांच्या ओळखीचं केलं. म्हणजे कान तयार आहेत. प्रश्न एवढाच, की कोण कोणासाठी दबणार.

भजनात बुवांनी ओळ घेतली की पखवाजाचा हात हलका होतो, ओळ संपली की पुन्हा मोकळा सुटतो. कधी हलका करायचा, किती, किती चटकन, आणि परत यायला किती वेळ घ्यायचा, हे पखवाजवाला कानाने ठरवतो. कॉम्प्रेसरला ते आकड्यांत सांगावं लागतं: थ्रेशोल्ड म्हणजे कधी, रेशो म्हणजे किती, अटॅक म्हणजे किती चटकन आणि रिलीज म्हणजे परतीचा वेळ. या चौघांत आपल्या कामाचं खरं बटण रिलीजचं. त्यावर जास्त वेळ घालवा.

साहित्य

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल: एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह किंवा रीपर. रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येतं आणि त्यातला रीआकॉम्प या कामाला पुरेसा आहे. महागडं प्लगइन घेऊ नका. बंद पाठीचे बरे हेडफोन, २४ बिटवर ध्वनिमुद्रण करणारा छोटा रेकॉर्डर, आणि कानात घालायचे बोळे. शेवटचे विसरू नका; ताशाच्या शेजारी तासभर उभं राहणं कानांना महागात पडतं.

आवाज गोळा करणं

तयार सॅम्पल पॅकमधला 'इंडियन ढोल' बहुतेक वेळा भांगड्याचा असतो. त्याचा घुमारा वेगळा, हात वेगळा. आपल्याला आपलाच ढोल हवा. गणेशोत्सवाच्या आधी पथकांचे सराव सुरू होतात. पथकप्रमुखांना भेटा, काय करणार ते सांगा, परवानगी घ्या आणि गाणं बाहेर आलं तर श्रेयनामावलीत पथकाचं नाव द्या. हे शिष्टाचारापुरतं नाही. ज्या हाताने तुमचं गाणं हलणार आहे, तो हात कोणाचा हे ऐकणाऱ्याला कळायला हवं.

मोबाइलवर रेकॉर्ड करू नका, निदान मुख्य ट्रॅकसाठी तरी नको. मोबाइल मोठा आवाज आला की आपोआप पातळी खाली घेतो, आणि थापेचं जे टोक आपल्याला ट्रिगर म्हणून लागणार आहे तेच बोथट होतं. रेकॉर्डर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. सगळ्यात मोठी थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल अशी पातळी लावा. ढोलासाठी पानापासून हातभर-दीड हात अंतर, ताशासाठी थोडं जास्त आणि बाजूने, आणि पूर्ण पथकासाठी आठ-दहा मीटर मागे. वादकाला विनंती करून सुट्या थापाही घ्या: टिपरूची एकेक, हाताची एकेक, ताशाची नुसती तर्री, मग एकट्या ताशाची चार-सहा आवर्तनं. इथे कंटाळा केला तर पुढे पस्तावाल, कारण सुटा ताशा नसेल तर त्याच्या हाती सूत्र देणं अवघड होतं.

मांडणी

गाण्याचा वेग १२८ बीपीएम धरू. ट्रॅक वेगवेगळे ठेवा: ढोल, ताशा, झांज, किक, बेस, पॅड. ढोलावर ४० हर्ट्झच्या खालचं कापा. तिथे वारा आणि स्टँडची थरथर सोडून काही नसतं. ताशाच्या ट्रॅकवर २५०–३०० हर्ट्झच्या खालचं कापा, म्हणजे शेजारच्या ढोलाची त्यात शिरलेली घुमघुम निघून जाईल. किक आखूड निवडा. लांब शेपटीची किक आणि ढोलाचा घुमारा एकाच मजल्यावर राहतात आणि दोघांचं पटत नाही.

ढोल ग्रिडला चिकटवू नका. माणसाचा हात कधी दहा मिलिसेकंद आधी पडतो, कधी पंधरा नंतर. सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये ते सगळं सरळ करून देतं आणि पथकाची जान जाते. पहिली थाप समेवर जुळवा, आवर्तन कुठे फारच सरकलं असेल तर तिथे कापून जुळवा, बाकी हात आहे तसा राहू द्या. थोड्या वेळाने कळेल की हीच अनियमितता आपला कच्चा माल आहे.

पहिली फेरी: नेहमीच्या दिशेने

कान तयार व्हायला एकदा प्रचलित दिशेने करून बघा. ढोलावर कॉम्प्रेसर, कान किकला.

रीपरमध्ये ढोलाच्या ट्रॅकचे चॅनेल चार करा, किकवरून ढोलाला ३/४ वर सेंड द्या आणि रीआकॉम्पमध्ये डिटेक्टर इनपुट 'ऑक्झिलरी' निवडा. एफएल स्टुडिओत मिक्सरमध्ये किकचा ट्रॅक निवडून ढोलाच्या ट्रॅकखालच्या बाणावर राइट क्लिक करा, 'साइडचेन टु धिस ट्रॅक' घ्या, मग ढोलावरच्या फ्रूटी लिमिटरच्या कॉम्प विभागात साइडचेनचा क्रमांक निवडा. एबलटनमध्ये कॉम्प्रेसरचा छोटा त्रिकोण उघडा, साइडचेन चालू करा, 'ऑडिओ फ्रॉम'मध्ये किक द्या.

रेशो ४ ला १, अटॅक ३ मिलिसेकंद, रिलीज १२०, आणि थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणत गेन रिडक्शनचा काटा ५–६ डेसिबल दाखवेपर्यंत न्या. किक स्वच्छ झाली, ढोल मागे गेला. हे ओळखीचं रूप. आता ते मोडू.

दुसरी फेरी: ढोल चालवतो, किक ऐकते

कॉम्प्रेसर ढोलावरून काढा. तो किक आणि बेस यांच्या बसवर, म्हणजे दोघांच्या सामाईक ट्रॅकवर लावा आणि कान ढोलाला द्या. प्रत्येक मात्रेवर सारखी पडणारी किक एकाएकी सारखी राहत नाही. जिथे ढोल जड पडतो तिथे ती ४–५ डेसिबल वाकते, ढोल मोकळा सोडतो तिथे पूर्ण उंचीने उभी राहते. किकचा एक ठोकाही न बदलता तिला ढोलाची चाल मिळाली.

इथे कॉम्प्रेसरच्या कानाला फिल्टर लावायला शिका. बहुतेक जण हे बटण उघडतच नाहीत. कानावर लोपास १५० हर्ट्झला ठेवला तर फक्त ढोलाचा खोल घुमारा ट्रिगर होतो, थापी आणि कड्यावरचे आवाज त्याला ऐकूच जात नाहीत. उलट हायपास ठेवला तर फक्त वरचे, कोरडे आवाज सूत्र हलवतात. ऐकू येणारा ढोल दोन्ही वेळा तोच आणि पूर्ण असतो, फिल्टर फक्त कानावर आहे. एकाच रेकॉर्डिंगमधून दोन वेगळे ताल निघतात: खोल घुमाऱ्याने बेस हलवा, वरच्या थापेने पॅड.

अटॅक शून्यावर नेण्याचा मोह टाळा. ६० हर्ट्झच्या एका लहरीला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. कॉम्प्रेसर त्याहून फार चपळ झाला तर तो थापेऐवजी लहरीचाच आकार कापायला लागतो आणि बेसमध्ये टिकटिक किंवा खरखर येते. बेसवर अटॅक ५–१० मिलिसेकंद आणि रिलीज ४० च्या खाली नको.

रिलीजचं गणित

६०,००० ला बीपीएमने भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२८ ला ते ४६९. अर्धी मात्रा २३४, पाव मात्रा ११७. रिलीज २०० च्या पुढे ठेवली तर बेस पुढच्या थापेपर्यंत हळूहळू वर येतो आणि गाणं डोलतं. ११० च्या आसपास ठेवली तर तो चटकन उभा राहतो आणि गाणं धावतं. आकडा ही सुरुवात समजा. प्रत्येक प्लगइन रिलीज आपापल्या पद्धतीने मोजतं, म्हणून शेवटी डोळे मिटून पाय कसा हलतो ते बघा.

कोळीगीतांच्या वळणाचं गाणं असेल तर हिशेब वेगळा. तिथे बहुधा सहा मात्रांचा झोका असतो आणि चाराच्या हिशेबाने लावलेली रिलीज त्या झोक्याला आडवी येते. मिनिटाला १०५ मोठे ठोके धरले तर एक ठोका ५७१ मिलिसेकंदांचा, त्यातली तिसऱ्या हिश्श्याची मात्रा १९०. रिलीज १९० च्या थोडी आत ठेवा, म्हणजे दोन मात्रा बेस पूर्ण उंचीने वाजेल आणि होडी पुढे सरकल्यासारखा तोल मिळेल. हळदीच्या रिमिक्समध्ये सहाच्या गाण्याखाली चाराचा उतार-चढाव घातलेला ऐकला की मला त्रास होतो. गाण्याचा मूळ डौल तिथेच संपतो, आणि तो वाचवायला एक बटण पुरेसं होतं.

तिसरी फेरी: ताशाची तर्री

आता मुख्य गोष्ट. पॅडवर किंवा लांब सिंथवर कॉम्प्रेसर लावा, कान ताशाला, कानावर हायपास २००० हर्ट्झ. रेशो ८ ला १, अटॅक १ मिलिसेकंद. पॅडच्या खालच्या स्वरांत खरखर आली तर २-३ करा. रिलीज आधी ६० च्या वर.

तर्रीत काड्या इतक्या दाट पडतात की पॅडला वर यायला सवडच मिळत नाही. १२८ बीपीएमला पाव मात्रेचाही अर्धा भाग म्हणजे ५९ मिलिसेकंद. रिलीज त्याहून लांब असेल तर पूर्ण तर्रीभर पॅड खाली दबून राहतो आणि तर्री तुटली की एका झेपेत वर येतो. हा उसळणारा क्षण ऑटोमेशनने हाताने काढायचा म्हटलं तर संध्याकाळ जाते. ताशावाला तो फुकट देतो, आणि नेमक्या त्याच्या जागी देतो. आता रिलीज २५–३० वर आणा. दबून राहण्याऐवजी पॅड प्रत्येक काडीला थरथरतो. गाण्याच्या पहिल्या भागात लांब रिलीज आणि चढणीत हळूहळू आखूड, असं ऑटोमेशन केलं तर ताशा एकही काडी जास्त न वाजवता पॅड चढत जातो.

मग ताशाचा आवाजच बंद करा. सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीचा, ठेवून ताशाचा फेडर पूर्ण खाली घ्या. ऐकू येतो फक्त पॅड, पण तो ताशाचा हात वाजवतो. सोळा बार हे चालू द्या. ऐकणाऱ्याच्या अंगात ताल भिनलेला असतो, कोणता ते त्याला ओळखता येत नाही. सतराव्या बारला फेडर वर. ठाणे-कल्याण भागात ज्याने लहानपणापासून पथक ऐकलं आहे त्याला तिथे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

न वाजणाऱ्या ट्रिगरची आणखी एक सोय अशी, की तो हवा तसा लिहिता येतो. छोट्या क्लिकचा वेगळा ट्रॅक करा, स्पीकरकडे न पाठवता फक्त कॉम्प्रेसरच्या कानाकडे पाठवा. सहाच्या तालात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जोरात, तिसऱ्या आणि सहाव्यावर हलका क्लिक ठेवा. हलक्या क्लिकला दबणंही हलकं होतं. पूर्ण ट्रॅक ८–१० मिलिसेकंद आधी सरकवला तर खऱ्या थापेआधीच वाट मोकळी झालेली असते.

गेट: दाबण्याऐवजी उघडणं

कॉम्प्रेसरच्या जागी नॉइज गेट घ्या आणि त्याचा कान ताशाला द्या. आता ताशा वाजेल तेव्हाच दुसरा आवाज उघडेल. मागे कोणता आवाज ठेवायचा? सतत, दाट, भरलेला. ठाणे-कल्याणकराला तो शोधायला लांब जावं लागत नाही. पारसिकचा बोगदा १९१६ पासून वापरात आहे, लांबी सुमारे १.३ किलोमीटर. त्यातून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत, डब्याच्या आत खिडकीजवळ रेकॉर्डर धरला तर मिनिटभर सलग घरघर मिळते. रेकॉर्डर खिडकीबाहेर मात्र काढू नका, दारात उभे राहू नका.

गेटचा अटॅक १, होल्ड ४०, रिलीज ८० मिलिसेकंद. बोगद्याची घरघर ताशाच्या काड्यांनी चिरली जाते आणि गाडीच ताशा वाजवू लागते. खाली ढोलाने उघडणारी ५५ हर्ट्झची साधी साइन लहर ठेवा, ढोलाला मोठ्या स्पीकरवर छातीत बसणारा तळ मिळतो.

घुमारा

अरुंद गल्लीत इमारतींच्या मधून पथक गेलं की थापेपेक्षा तिचा माघारी येणारा आवाज जास्त अंगावर येतो. तो आणायचा म्हणून लोक ढोलावर भरमसाठ रिव्हर्ब टाकतात आणि सगळं चिखल होतं. रिव्हर्ब वेगळ्या सेंडवर घ्या, अडीच-तीन सेकंदांचा. त्याच्या पुढे कॉम्प्रेसर लावा, कान कोरड्या ढोलाला, रेशो ६ ला १, रिलीज ३००. थाप पडते तेव्हा घुमारा बाजूला होतो, थाप संपली की मोकळ्या जागेत फुलतो.

तपासणी

कॉम्प्रेसर चालू-बंद करून तुलना करताना दोन्ही वेळचा आवाज सारखा ठेवा, नाहीतर जो मोठा तोच बरा वाटतो. मोनोमध्ये ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. मोबाइलवर खोल बेस गळून जातो. तिथेही पॅडचं डोलणं ऐकू आलं पाहिजे.

आणि पातळी वाढवण्यात रमू नका. दोन सारखे मोठे आवाज एका क्षणी पडले की बेरीज ३ ते ६ डेसिबलने वाढते, लिमिटर तिथेच आपटतो आणि ढोल चपटा होतो. एकाने दुसऱ्याला वाट दिली तर तेच गाणं कमी पातळीवर जास्त भरदार लागतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत ती कशी मोडते हे आपण सगळे जाणतो, आणि त्या इमारतींत आपलीच आजारी आणि म्हातारी माणसं राहतात. कमी आवाजातही हलवणारं गाणं बनवता येणं हे या तंत्राचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं अंग आहे.

शेवटी फाइल घेऊन पुन्हा सरावाला जा आणि ज्याचा ताशा आहे त्यालाच हेडफोन द्या. तर्री कुठे दबली, कुठे पॅड तिच्या आधीच उठला, हे तो पहिल्या दोन आवर्तनांत सांगेल. दबली असेल तिथे थ्रेशोल्ड दोन डेसिबल खाली घ्या. पॅड आधी उठत असेल तिथे रिलीज दहा-वीस मिलिसेकंदांनी वाढवा आणि त्याला पुन्हा ऐकवा.